समुद्राकडची गल्ली

बजाजनगरच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे. दरवर्षी एकदा फळ्यावर बेट काढते. खडूनं एक वेडावाकडा गोल, भोवती लाटांच्या रेघा, मधे एक नारळाचं झाड. मग वर्गाकडं वळून सांगते, ‘‘चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात.’’ समोर बसलेली लेकरं वाळूजच्या कंपन्यांत राबणाऱ्या आईबापांची. घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही कधी येईल याचा भरवसा नाही. एका मुलीनं एकदा विचारलं, ‘‘बाई, मग तिथं पाण्याची नुसती चंगळ असंल?’’

‘‘असणारच,’’ मी ठोकून दिलं. समुद्र मी तोवर एकदाच, गणपतीपुळ्याला, छत्रीखालून पाहिला होता.

असल्या माणसाला मालदीवला जायचा योग आला तो माझ्या नणंदेमुळं. कौसाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पाचोडच्या बाजाराला ज्या गावांची शेळ्यामेंढरं येतात, त्यातल्या एका गावात ती दिली आणि पुढं त्याच गावाची सरपंच झाली. दुष्काळाच्या लागोपाठच्या वर्षांत तिनं घराघराच्या पत्र्यांना पन्हळी लावून घेतल्या, पावसाचं पाणी टाक्यांत आणि विहिरीत उतरवलं आणि ज्यांनी लावल्या नाहीत त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्याच ओट्यावर बसून, लावून होईपर्यंत चहा प्यायली. कोरडवाहू भागात आणि लहान बेटांवर पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या कानावर हे गेलं. ती संस्था इकडची माणसं तिकडं नेते, तिकडची इकडं आणते. कौसाताईला बोलावणं आलं. इंग्रजी येत नाही म्हणून सोबत दुभाषी आणायची मुभा होती.

‘‘सुमन, तुला येतंय का गं इंग्रजी?’’ तिनं फोनवर विचारलं.

‘‘थोडंफार, ताई.’’

‘‘थोडंच पायजे. मी लई बोलणार नाय.’’

एवढं धडधडीत खोटं मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. शहर मात्र चारी अंगांनी वाढत होतं. कालपरवा ज्वारी होती तिथं प्लॉटिंगच्या पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर ‘मुबलक पाणी’. असं मुबलक पाणी वाचत वाचत आम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचलो. ताईच्या पिशवीत ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन. तपासणीच्या माणसानं कॅन बाजूला काढला. पाणी आत नेता येणार नाही म्हणाला.

‘‘मंग काय करू?’’

‘‘फेकून द्या.’’

ताईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याचीच चूक त्याच्या ध्यानात आली असावी. तिनं पोटात मावेल तेवढं पाणी तिथंच पिऊन घेतलं, मला पाजलं, मागं उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांना आग्रह करून पाजलं आणि उरलेलं बाहेर जाऊन कुंडीतल्या झाडाला घालून आली. त्या गृहस्थांना विमानात माझ्याकडं पाहून दोनदा हसू आलं.

मालेच्या विमानतळावर वेगळीच गंमत. माझा पासपोर्ट जुना, त्यावर औरंगाबाद. ताईचा नवा कोरा, त्यावर छत्रपती संभाजीनगर. आम्ही शेजारच्या गावच्या का, असं तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं. मी सगळा इतिहास सांगायच्या तयारीत होते, पण ताईनं ‘यस’ म्हणून विषय संपवला. इंग्रजी येत नसल्याचा तिला एकूण त्रास कमीच होत होता.

बेटावर

आम्हाला न्यायचं होतं ते बेट मालेपासून वेगवान होडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून लिहीत नाही. होडीतल्या प्रवासाबद्दलही लिहीत नाही. ताईनं डोक्यावरून पदर घेऊन डोळे मिटले होते आणि मी एका हातानं तिला, एका हातानं पोटाला धरलं होतं, एवढं पुरे.

बेट माझ्या फळ्यावरच्या बेटासारखंच निघालं, फक्त खूपच लहान. या टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा समुद्र रस्त्याच्या शेवटी निळ्या पट्टीसारखा दिसतो. पांढऱ्या वाळूचे रस्ते, आणि ते सकाळी बायका अंगणासारखे झाडतात. घरांना नंबर नाहीत, नावं आहेत. आपल्याकडं बंगल्यांना ‘मातृछाया’ असते तशी तिकडं ‘गुलाब’, ‘चांदणी’. आमची सोय ‘चांदणी’त होती, खदीजाच्या घरी.

खदीजा तिथल्या महिला समितीची अध्यक्ष. चाळिशीची, हसरी, डोक्याला रुमाल, हातात कायम फोन. हिंदी सिनेमे पाहून पाहून तिला छान हिंदी येत होतं. ताईचं हिंदी म्हणजे आमच्याकडचं दख्खनी वळणाचं, बाजारात शिकलेलं. दोघी पहिल्याच संध्याकाळी अशा जुंपल्या, की दुभाषी म्हणून आलेली मी भांडी विसळायला लागले.

‘‘हमारे यहां पानी बोले तो टँकर,’’ ताई सांगत होती. ‘‘आया तो आया, नहीं तो बैठे रहो.’’

‘‘हमारे यहां बोट,’’ खदीजा म्हणाली.

ताईला आधी हे पटेना. ती उठून दारात गेली, समुद्राकडं पाहिलं, परत आली आणि मला मराठीत म्हणाली, ‘‘चेष्टा करती व्हय ही?’’

चेष्टा नव्हती. बेटाच्या वाळूखाली पावसाचं गोडं पाणी एखाद्या पातळ थरासारखं असतं. समुद्र वर चढतो, लोक जास्त उपसतात, तसा तो थर खारट होत जातो. विहिरीचं पाणी आता फक्त अंघोळीला. प्यायला छतावरचं पावसाचं, टाकीत साठवलेलं. पाऊस लांबला की टाक्या आटतात आणि मग मोठ्या बेटावरून पाण्याची बोट मागवावी लागते. आम्ही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच ती आली. भोंगा वाजला. ताई खात्या ताटावरून उठली, पदर खोचला आणि कॅन घेऊन पळत सुटली. मी मागून. धक्क्यावर पोचलो तर कुणी पळत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. कॅन एका ओळीत ठेवलेले आणि माणसं सावलीत गप्पा मारत बसलेली. ताई ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली होती. तिच्या ते लक्षात आलं. मग तिनं अगदी एखादी पाहुणी पाहणीला आल्यासारखं बोटीभोवती फिरून मान हलवली आणि सावकाश शेवटी येऊन कॅन ठेवला.

‘‘भांडण नाय, काय नाय,’’ ती माझ्या कानात म्हणाली. ‘‘करमायचं कसं ह्यांना?’’

जेवणाचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ मासे. न्याहारीला ट्यूना मासा, खोबरं, कांदा नि मिरची हातानं कालवून पातळ रोटीबरोबर. मला फार आवडलं. ताई मटण खाणारी, पण माशाच्या वासानं तिचं तोंड वाकडं व्हायचं. ती स्वतःच्या भाकरी थापायची आणि ठेचा घ्यायची. ठेच्याचा तिला मोठा अभिमान. ‘‘संभालके खाना, तिखा है,’’ म्हणत तिनं खदीजाला बोटभर दिला. खदीजानं तो कोशिंबिरीसारखा खाल्ला. मग नम्रपणे आत जाऊन त्यांच्याकडची एक बुटकी, फुगीर मिरची आणून ताईपुढं ठेवली. ताईनं अख्खी चावली. त्यानंतर तांब्याभर पाणी संपेपर्यंत तिला कुठलीच भाषा आठवली नाही.

नीरफणसाचं झाड

आमच्या येण्याचं खरं कारण बेटाच्या पूर्वेला होतं. तिथं समुद्राला लागून एक गल्ली आहे, डझनभर घरांची. समुद्र तिथला किनारा वर्षावर्षाला खातो आहे. पहिल्या घराच्या मागची भिंत आधीच पाण्यात पडलेली. प्रवाळाच्या दगडांची ती जुनी भिंत लाटेखाली पांढरी दिसायची.

मालेहून आलेल्या यूसुफ नावाच्या तरुण सरकारी इंजिनियरनं एक आराखडा केला होता. गल्लीतली घरं उचलून बेटाच्या मधोमध, उंचवट्यावर न्यायची. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात केवडा आणि किनाऱ्याची झुडपं दाट लावायची, म्हणजे लाटेचा जोर तिथंच मोडेल. नव्या घरांच्या, शाळेच्या आणि मशिदीच्या छतांचं पाणी एका मोठ्या टाकीत आणायचं. गल्लीतल्या सगळ्यांची संमती मिळाली तर काम या वर्षी सुरू होणार होतं. नाही मिळाली तर मदत दुसऱ्या बेटाकडं वळणार. मग इथली तरुण माणसं, आधीच निम्मी मालेत आहेत, उरलेलीही जातील आणि हळूहळू बेटच रिकामं होईल, ही खदीजाची धास्ती होती.

तिची अडचण घरातलीच. सगळे तयार होते, पण तिचे वडील इब्राहिम तयार नव्हते.

‘‘बप्पा नहीं मानते,’’ ती म्हणाली.

‘‘कोण?’’

‘‘बप्पा. मेरे फादर.’’

वडलांना इथं बप्पा म्हणतात हे कळल्यावर ताईला अतिशय आनंद झाला. आमच्याकडं बप्पा म्हणजे कोण, हे तिनं सविस्तर सांगितलं. गणपती पाण्यात सोडायचा भाग आला तेव्हा मी तिला कोपरानं ढोसलं. समुद्राला टेकलेल्या घरातल्या बप्पांच्या मुलीला ते ऐकवायला नको होतं.

बप्पा म्हणजे काटक, उन्हानं काळवंडलेले, पंचाहत्तरीपुढचे कोळी. दारासमोर जाळीच्या खुर्चीत बसलेले, पायाशी चार कोंबड्या. अंगणात नीरफणसाचं प्रचंड झाड. त्याच्या फळांचे काप तळून करतात, आपल्या बटाट्याच्या कापांहून बरे लागतात. झाड बप्पांच्या अंगणात, पण अर्ध्या फांद्या शेजारच्या आदमच्या छतावर. खदीजाचं लग्न व्हायच्याही आधी एकदा पाला पडून आदमची पन्हळ तुंबली आणि टाकीतलं पाणी नासलं. आदमनं न विचारता मोठी फांदी तोडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरांमधे हातभर बोळ. एक खोकला तर दुसऱ्याला ऐकू जाई, आणि दुसरा मग मुद्दाम जास्त जोरात खोकत असे.

ताई त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. खदीजा दोन्हीकडचं सांगत होती.

‘‘जायला का नाय म्हनतात?’’

‘‘म्हणतात, माझे वडील इथं राहिले, आजोबा इथं राहिले. समुद्र आत्ता आलाय. आल्यागेल्याला घर सोडून द्यायचं का?’’

ताईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. त्यांना काही पटवायच्या भानगडीत ती पडली नाही. झाडाला फळं किती महिने असतात, कोंबड्या अंडी कुठं घालतात, एवढंच विचारत बसली. परत येताना मी म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही त्यांना समजावणार होतात ना?’’

‘‘मी कोन समजावनारी? माझ्या बापालाबी असंच समजावलं हुतं लोकांनी.’’

आणि ती पुढं चालायला लागली.

सभा

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. यूसुफनं पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला. मुलगा हुशार आणि मनापासून काम करणारा. नव्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटणार, सगळ्यांसमोर, असं त्यानं सांगितलं. ‘‘म्हणजे अमक्याच्या मेव्हण्याला चांगला कोपरा मिळाला असं कुणी म्हणणार नाही.’’ लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. मग पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं.

ताई उठली. ती तिच्या हिंदीत बोलली, खदीजानं त्यांच्या भाषेत सांगितलं आणि मी संस्थेकडून आलेल्या माणसांसाठी इंग्रजीत. इथं मात्र ती जशी घरी बोलते तसंच लिहिते.

‘‘चिठ्ठ्या टाकनं बरुबर हाय. त्यात खोट नाय,’’ ती म्हणाली. ‘‘मी आठ-नऊ वर्सांची असंल. आमचं गाव धरनात गेलं. लई मोठं धरन हाय, समदं शहर त्याच्यावर जगतंय, मी त्याला नावं ठेवत नाय. नवं गाव मिळालं. रस्ता हुता, शाळा हुती. चिठ्ठ्या टाकल्या, समद्यांच्या डोळ्यांदेखत. शेजारची सखूमावशी गेली पाण्याच्या पल्याडच्या गावाला. माझी आई आन ती एका उंबऱ्यावर बसायच्या. नव्या गावातला शेजारबी चांगला हुता. पन आई म्हनायची, ह्यास्नी काय सांगू? ह्यास्नी समदं पहिल्यापासनं सांगावं लागतंय. मंग तिनं सांगायचंच सोडलं.’’

खदीजाचं आणि माझं सांगून होईपर्यंत ताई थांबली, मग पुढं म्हणाली,

‘‘दुष्काळात धरन आटलं की आमचं जुनं गाव वर येतंय. मी जाऊन बघितलंय. जोती जागच्या जागी, मारुतीचा कट्टा जागच्या जागी. मी घर बघायला गेले हुते आन उभी ऱ्हायले सखूमावशीच्या दारात. तवा मी म्हनते, जायाचं तर जावा. पन गल्ली गल्लीसारखी न्या. ज्याचा जो शेजार, तोच ऱ्हाऊ द्या.’’

तिची आई म्हणजे माझी सासू. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला गप्पच दिसल्या. रस्त्याकडं तोंड करून बसायच्या, विचारलं तेवढंच बोलायच्या. मी शिकलेली सून म्हणून त्यांना मी रुचत नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खरं कारण कळायला मालदीवला यावं लागलं.

यूसुफनं बराच विचार केला. चिठ्ठ्यांशिवाय वाटणी केली तर वशिल्याचा बोभाटा होईल, ही त्याची काळजी खरीच होती. पण आत्ता गल्लीत जो क्रम आहे तोच ठेवायचा, तर त्यात वशिला येतो कुठून? त्यानं हात वर करायला सांगितलं. एकेक करत हॉलभर हात वर गेले. ताईचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा झाला.

आणि बप्पा उठले. इतकं रागावलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते बोलले, सगळा हॉल फुटून हसला आणि खदीजानं कपाळाला हात लावला.

‘‘काय म्हनले?’’ ताईनं विचारलं.

खदीजा हसू आवरत म्हणाली, ‘‘बप्पा म्हणतात, चिठ्ठी होती म्हणून मी जवळजवळ तयार झालो होतो. म्हटलं, समुद्राच्या निमित्तानं तरी आदमपासून सुटका होईल. आता ही बाई आली हिंदुस्थानातून आणि त्याला पुन्हा माझ्या उशाशी आणून ठेवते आहे!’’

मागच्या रांगेतून आदमनंही काहीतरी उत्तर दिलं. त्याचं भाषांतर खदीजानं केलं नाही.

सभा तशीच संपली. ताई घरी येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, ‘‘म्हातारा व्हय म्हनत हुता गं. मीच घान केली.’’

भरती

दुसऱ्या दिवशी अमावास्या. ताईनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आज कुठं निघायचं नाही. सकाळची न्याहारी चालू असताना गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावलो.

मोठी भरती होती आणि लांब कुठंतरी उठलेल्या लाटांनी तिला जोर आणला होता. उधाण म्हटलं की मला खवळलेला, गर्जणारा समुद्र आठवायचा. हे तसं नव्हतं. पाणी निवांत, चकाकत, घरच्यासारखं दारातून आत येत होतं. वाळूचा रस्ता दिसेनासा झाला. लोक गाद्या, पिठाची पोती, टीव्ही डोक्यावर घेऊन उंचवट्याकडं निघाले होते. ताईनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि कुणाचंतरी पाळण्यातलं बाळ उचलून मला दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रात उतरली होती ती. नमस्कार करायचं तिच्या ध्यानात आलं ते सगळं झाल्यावर.

बप्पा अंगणात घोटाभर पाण्यात, दोन्ही काखांत दोन-दोन कोंबड्या धरून उभे होते. त्यामुळं त्यांना दुसरं काहीच उचलता येत नव्हतं. तेवढ्यात बोळातून आदम आला. बप्पांकडं न बघता सरळ घरात शिरला, गादी बाहेर काढली, मग तांदूळ, मग खदीजाच्या आईची पेटी. तीन-चार खेपा केल्या. बप्पा त्याच्या पाठीकडं बघत होते. कोंबड्या मात्र मोठमोठ्यानं बोलत होत्या.

दुपारपर्यंत पाणी ओसरलं. भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीची ओली रेघ राहिली. खरं नुकसान नंतर कळलं. बप्पांची टाकी जुनी, जमिनीत अर्धी पुरलेली. झाकणातून खारं पाणी आत गेलं होतं. पावसाळ्यापासून जपून वापरलेलं सगळं गोडं पाणी गेलं. बप्पांनी ओंजळभर चाखलं, थुंकलं आणि टाकीच्या कडेवर बसून राहिले. कालचा राग, हट्ट, काही उरलं नव्हतं. नुसता एक थकलेला म्हातारा माणूस. ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पाणी गेलेलं माणूस कसं दिसतं ते तिला सांगायची गरज नव्हती.

आदमची टाकी चौथऱ्यावर होती, वाचलेली. तो दोन कॅन भरून घेऊन आला, दारात ठेवले आणि खदीजाकडं बघून काहीतरी बोलला. ती हळूच आम्हाला म्हणाली, ‘‘म्हणतो, तुझ्या बापाला सांग, हे कोंबड्यांसाठी आहे.’’

त्याच पाण्याचा खदीजानं चहा केला, दुधाशिवायचा, भरपूर साखरेचा. बप्पांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग बोळाच्या दिशेनं तोंड करून, पण कुणाचंही नाव न घेता, मोठ्यानं बोलले.

‘‘कोंबड्यांचा चहा बरा झालाय म्हणतात,’’ खदीजा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बोळातून खोकल्याचा आवाज आला.

संध्याकाळी यूसुफ नुकसान बघत फिरत होता, तेव्हा बप्पांनी त्याला थांबवलं. गल्ली गल्लीसारखी न्यायला त्यांची हरकत नव्हती. फक्त एक बदल. त्यांच्या आणि आदमच्या घराच्या मधे खदीजाचं घर यायला हवं. खदीजाचं घर गल्लीत नव्हतंच, तिला जागा बदलायचं कारणही नव्हतं. पण तिनं हो म्हटलं. यूसुफनं आराखडा मांडीवर घेऊन तिथंच एक चौकोन वाढवला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या आणि ओठांवर हसू.

आम्ही निघालो त्या दिवशी धक्क्यावर बप्पा आणि आदम दोघंही आले होते, वेगवेगळ्या टोकांना उभे. बप्पांनी ताईला नीरफणसाच्या कापांची पिशवी दिली. आदमनंही दिली. फळं एकाच झाडाची होती.

परत आल्यावर

पुढं खदीजाचे फोन येत राहिले. घरं उभी राहिली, केवडा लावला. दोघे म्हातारे आता एकमेकांच्या तक्रारी तिच्या घरात येऊन करतात, आणि कधीकधी एकाच वेळी येतात. तिचं म्हणणं, सरकारनं बेटाला समुद्रापासून वाचवलं, मला कोण वाचवणार?

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच प्रवासाचं. आल्यावर पंधरा दिवसांनी ताई बजाजनगरला घरी आली. ‘‘सखूमावशी जित्ती हाय,’’ ती म्हणाली. भावकीत फोन करून करून तिनं पत्ता काढला होता. ‘‘चल.’’

नाथसागराच्या, म्हणजे त्याच धरणाच्या पाण्याच्या, पलीकडचं ते गाव. मालेला जायला लागला त्याहून वेळ कमी, पण इतक्या वर्षांत कुणी गेलं नव्हतं. दोन जीपगाड्या बदलून पोचलो. सखूमावशी नातवाच्या घरापुढं बाजेवर बसलेल्या. वाळून लहान झालेल्या, कानानं कमी ऐकणाऱ्या. ताई त्यांच्या कानाशी वाकली आणि आईचं नाव सांगितलं.

म्हातारीनं डोळे बारीक केले. ताईला नखशिखांत न्याहाळलं. मला वाटलं, आता गळ्यात पडेल.

‘‘तुझ्या आयनं माझी काठवट नेली,’’ सखूमावशी म्हणाल्या. ‘‘गाव उठायच्या गडबडीत. ती दिलीच नाय.’’

मला एकदम आठवलं. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट आमच्याच घरात होती. सासूबाई गेल्यावर कुणीच वापरत नव्हतं. मी तिच्यात कांदे ठेवत होते.

‘‘आनून देते, मावशे,’’ ताई कशीबशी म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. काठवट मी घासून, तेल लावून, जुन्या साडीत बांधून नेली. सखूमावशींनी ती मांडीवर घेतली. कडेवरून बोटं फिरवली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

‘‘माझी न्हाय ही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझीला चीर हुती.’’

ताई माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. परत घ्यावी म्हणून मी हात पुढं केला.

म्हातारीनं काठवट जवळ ओढली आणि पदराखाली घेतली.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिची असंल.’’